डांगी आणि देवणी: ठिपक्यांवरून ओळख पटत नाही

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले जनावर डांगी जातीचे की देवणी जातीचे, हा घोळ बैलबाजारात हमखास होतो. देवणीच्या घडणीत गीर आणि स्थानिक गुरांबरोबर डांगी रक्ताचाही वाटा असल्याचे मानले जाते, त्यामुळे हे साम्य अगदीच अकारण नाही. तरीही रंग हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. खुद्द देवणीतच तीन रंगप्रकार आहेत: अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके असलेला शेवरा, पांढऱ्या अंगाचा पण तोंडावर काळा असलेला वानेरा आणि जवळजवळ पूर्ण पांढरा बालंक्या.

आधी कान पाहावेत. देवणीचे कान लांब व लोंबते आणि कपाळ रुंद, किंचित फुगीर असते; डांगीचे कान लहान, तर शिंगे आखूड व जाड असतात. त्यानंतर पाठीवरून हात फिरवावा. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्याचा ओशटपणा तळव्याला जाणवतो, आणि सह्याद्रीत दिवसचे दिवस कोसळणारा पाऊस अंगात न मुरता त्या केसांवरून ओघळून जातो. खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक असल्यामुळे भातखाचरातली चिखलणी आणि खडकाळ चढ-उतार दोन्ही त्याला झेपतात. गुजरातचा डांग, नाशिकमधील इगतपुरीचा परिसर आणि अकोले तालुक्याचा डांगाण भाग हे या जातीचे घर असून, याच तालुक्यातील राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते.

देवणीचे नाव लातूर जिल्ह्यातील देवणीवरून पडले. उदगीरपासून कर्नाटकातील बीदरपर्यंत तिचा पट्टा पसरला आहे. तिथे पाऊस बेताचा, जमीन काळी आणि वैरण मुख्यतः कडब्याची, त्यामुळे औताला चालणारा बैल आणि घरापुरते दूध देणारी गाय असे दोन्ही गुण या जातीत जपले गेले. एका वेतात देवणी सरासरी 850 किलोच्या आसपास दूध देते, डांगी त्याच्या जवळपास निम्मे.

या आकड्यावरून डांगीला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती मुळात औताची जात आहे. दुधासाठी गाय हवी असेल तर देवणी पाहावी. मात्र भातशेतीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात बैल घ्यायचा असेल तर डांगीच घ्यावा.