मौन दिवस : अमेरिकी शाळांतील मूक निषेध

अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत एलजीबीटी विद्यार्थ्यांचा जो छळ होतो, त्याकडे लक्ष वेधण्यासाठी विद्यार्थ्यांनी दिवसभर न बोलता केलेला निषेध म्हणजे मौन दिवस. 2024 मध्ये नाव बदलेपर्यंत तिकडे तो ‘डे ऑफ सायलेन्स’ या नावाने ओळखला जात होता. बहुतेक वर्षी तो एप्रिलमधल्या एखाद्या शुक्रवारी पाळला जातो. सहभागी विद्यार्थी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बोलत नाहीत, कुणी कारण विचारलेच तर छापील कार्ड पुढे करतात आणि शाळा सुटल्यावर एकत्र जमून मौन सोडतात. सहभागी होणारा स्वतः समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी असलाच पाहिजे असे नाही. तो कोण आहे हे कुणीही विचारायचे नाही. हा नियम पाळला नाही, तर ज्यांच्यासाठी हा दिवस आहे त्यांनाच त्यात येण्याची भीती वाटते.

उगम

1996 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील मारिया पुल्झेटी या विद्यार्थिनीने अहिंसक निषेधावरच्या अभ्यासाचा भाग म्हणून हा उपक्रम सुरू केला. त्या वर्षी 150हून अधिक विद्यार्थी सहभागी झाले आणि पुढच्याच वर्षी तो सुमारे 100 महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. 2001 मध्ये ‘ग्लिसन’ या संस्थेने त्याचे यजमानपद घेतले. 1990 मध्ये बॉस्टन परिसरातील शिक्षकांच्या गटातून उभी राहिलेली ही संस्था शाळांसाठीच काम करत असल्याने उपक्रम माध्यमिक शाळांत वेगाने पसरला.

अमेरिकेला मूक निषेध नवा नव्हता. 28 जुलै 1917 रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून सुमारे 10,000 कृष्णवर्णीय नागरिक एकही घोषणा न देता चालले होते. झुंडबळी आणि ईस्ट सेंट लुइसमधील हत्याकांड यांविरुद्धचा तो मोर्चा होता. समलिंगी चळवळीची परंपरा मात्र उलट्या बाजूची होती. एड्सच्या साथीत, 1987 च्या सुमारास, ‘मौन म्हणजे मृत्यू’ हे घोषवाक्य न्यूयॉर्कच्या भिंतींवर झळकले होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आत विद्यार्थ्यांनी मौन हेच साधन म्हणून निवडले, ही निवड वरवर विसंगत वाटते. तिचा आधार असा : एलजीबीटी मुले भीतीपोटी रोज गप्प राहतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, एरवी बोलणारी चाळीस मुले एकाच दिवशी गप्प झाली, तर ते दुर्लक्षिता येत नाही.

2008 चा मौन दिवस लॉरेन्स किंग या 15 वर्षांच्या विद्यार्थ्याच्या स्मृतीला वाहिला होता. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेतच वर्गमित्राने त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या.

तयारी

शाळेत हा दिवस सहसा ‘जीएसए’ क्लब, म्हणजे एलजीबीटी विद्यार्थी आणि त्यांचे पाठीराखे यांचा गट, आखतो. पूर्वी त्याचा अर्थ गे-स्ट्रेट अलायन्स होता, आता बहुतेक ठिकाणी जेंडर्स अँड सेक्शुअ‍ॅलिटीज अलायन्स. काम किमान चार आठवडे आधी सुरू करावे लागते, कारण एप्रिल हा अडचणीचा महिना आहे. राज्यस्तरीय चाचण्या, वसंत ऋतूतील सुट्टी आणि गुड फ्रायडे यांपैकी काहीतरी मध्ये येतेच. संस्थेने जाहीर केलेली तारीख चाचणीच्या दिवशी येत असेल, तर शाळेने आपल्यापुरता दुसरा दिवस घ्यावा. चाचणीच्या दिवशी सारा वर्ग तसाही गप्प असतो, त्यामुळे मौन कुणाला दिसत नाही.

तीन आठवडे आधी मुख्याध्यापकांना भेटायचे. ही भेट परवानगी मागण्यासाठी असते, असा समज करून घेऊन मुले अनेकदा पहिल्याच बैठकीत हक्क सोडून देतात. प्रत्यक्षात ती पूर्वकल्पना असते, आणि ठोस तपशील दिले की बैठक दहा मिनिटांत आटोपते : किती मुले, कुठले चिन्ह, कार्डावरचा मजकूर, शाळा सुटल्यावर कुठली खोली हवी. आठवडाभर आधी सर्व शिक्षकांना एका पानाचे पत्र जाते. त्यात सहभागींची नावे देऊ नयेत. नावांची यादी शिक्षकांच्या खोलीतून कार्यालयात आणि तिथून घरी पोहोचते, आणि एखाद्या मुलाची ओळख पालकांसमोर त्याच्या इच्छेविरुद्ध उघड होऊ शकते. नोंदणीचा कागद भिंतीवर लावणेही त्याच कारणासाठी टाळतात. ज्याला आपल्या तासापुरते शिक्षकांना सांगायचे असेल त्याने स्वतः जाऊन सांगावे.

कार्ड हा या दिवसाचा कणा आहे. व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचे, तीन-चार वाक्यांचे : मी आज का बोलत नाही, कोणाच्या गप्प बसण्याची ही आठवण आहे, आणि तुम्ही काय करू शकता. लेटर मापाच्या एका जाड कागदावर दहा कार्डे बसतात. माणशी पाच धरली, तर 40 जणांसाठी 200 कार्डे, म्हणजे 20 कागद. कापताना वाया जाणारे धरून 22. कार्डे कमी पडली की दुपारनंतर मुले वहीवर लिहून समजावू लागतात, आणि मौनाचे रूपांतर चिठ्ठ्यांच्या खेळात होते.

तोंडावर चिकटपट्टी लावण्याची पद्धत छायाचित्रांत उठून दिसते, पण ती टाळलेली बरी. त्वचेची आग होते, पाणी पिता येत नाही, श्वासाचा त्रास असणाऱ्याला ती धोक्याची आहे, आणि पोशाखाच्या नियमांवर बोट ठेवून शाळेला आक्षेप घ्यायला आयतेच कारण मिळते. छातीवरचा स्टिकर किंवा मनगटावरची फीत तेच काम करते.

प्रत्यक्ष दिवस

मौनाच्या मर्यादा आदल्या दिवशीच ठरवाव्यात. रसायनाच्या प्रयोगशाळेत, व्यायामाच्या तासाला किंवा कुणाला इजा झाल्यास बोलायचेच. आग लागल्याची घंटा, परिचारिका, समुपदेशक आणि बसचालक यांच्यासमोर मौन लागू नाही. मोबाइलवर संदेश पाठवायचे की नाहीत, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण दिवस त्यावरच घसरतो : बोलणे बंद आणि गप्पा मात्र पडद्यावर चालू, असे दिसले की बाकीची मुले गांभीर्याने घेत नाहीत. म्हणून अनेक क्लब समाजमाध्यमांवरही मौन पाळतात. उगाच हातवारे करून सांकेतिक भाषेची नक्कल करू नये. शाळेतल्या बहिऱ्या मुलांची ती बोलण्याची भाषा आहे, त्यांचे मौन नव्हे.

तोंडी सादरीकरण, नाटकाची तालीम, गायनवृंद आणि परदेशी भाषेचा तास इथे अडचण येते. उपाय दोनच : सादरीकरण आधी किंवा नंतर घेण्याची विनंती, किंवा तेवढ्यापुरते मौन सोडणे. मौन सोडलेला विद्यार्थी बाद होत नाही. तास संपला की तो पुन्हा सुरू करतो. मधल्या सुट्टीत सर्वांत जास्त त्रास होतो, कारण मौन मोडायला लावणे हा इतरांसाठी खेळ होतो. गुदगुल्या, ढकलणे, शिव्या, सगळे प्रकार होतात. म्हणून जेवायला एकाच टेबलावर बसायचे, आणि क्लबच्या एक-दोन सदस्यांनी मुद्दाम मौन न पाळता त्या दिवशी बोलण्याची जबाबदारी घ्यायची. अंगावर हात टाकला गेला तर वेळ, जागा आणि पाहणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून कार्यालयात द्यावीत. त्या क्षणी मौन पाळत बसणे हा चुकीचा हट्ट आहे.

शेवटच्या घंटेनंतरचा मौन सोडण्याचा कार्यक्रम पाऊण तास ते तासभराचा असतो. सगळे एकदम ओरडून, टाळ्या वाजवून सुरुवात करतात, मग ज्याला बोलायचे त्याने बोलायचे. इथे एखादी ठोस मागणी ठरली नाही, तर दिवस केवळ सोहळा ठरतो. नेहमीची मागणी अशी : शाळेच्या छळविरोधी नियमावलीत लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांचा नावानिशी उल्लेख असावा. ‘कुणाचाही छळ करू नये’ एवढ्या मोघम वाक्यावर शिक्षक हस्तक्षेप करायला कचरतात.

कायदा

सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांचा आधार म्हणजे 1969 चा टिंकर खटला. आयोवातील डे मॉइन येथे डिसेंबर 1965 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून आलेल्या मुलांना शाळेने निलंबित केले होते. सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मुलांच्या बाजूने कौल दिला : शाळेच्या कामकाजात मोठा अडथळा येत असेल किंवा इतरांच्या हक्कांवर गदा येत असेल, तरच अशा अभिव्यक्तीला मनाई करता येते. मात्र हा हक्क तासाच्या वेळी निरपवाद नाही. शिक्षकाने अभ्यासाचा प्रश्न विचारला, तर उत्तर द्यावे लागते. न दिल्यास गुण कापले जाऊ शकतात. मार्गिकेत, मधल्या सुट्टीत आणि तासांच्या मधल्या वेळेत मौन पूर्णपणे सुरक्षित आहे. खासगी शाळांना टिंकरचा निवाडा लागू होत नाही.

जीएसए क्लबला संरक्षण देणारा 1984 चा समान प्रवेश कायदा मुख्यतः ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे बायबल गट शाळेत भरावेत म्हणून आणला गेला होता. एका अवांतर क्लबला जागा दिली की दुसऱ्याला नाकारता येत नाही, हे त्याचे सूत्र. जीएसएला रोखण्यासाठी सॉल्ट लेक सिटीच्या शाळांनी 1996 मध्ये सगळेच अवांतर क्लब बंद करून टाकले. 2000 मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यालाही तोच टिंकर आधार देतो, आणि न्यायालये यावर एकमताची नाहीत. कॅलिफोर्नियातील पोवे येथील शाळेत 2004 च्या मौन दिवशी समलैंगिकतेचा धिक्कार करणारा टी-शर्ट घातलेल्या मुलाविरुद्धची शाळेची बंदी अपील न्यायालयाने 2006 मध्ये योग्य ठरवली, पण सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो निकाल रद्दबातल केला, कारण मुलगा तोवर शाळेतून बाहेर पडला होता. इलिनॉयमधील नेपरव्हिल येथे ‘आनंदी राहा, गे नको’ अशा अर्थाच्या टी-शर्टला मात्र वेगळ्या अपील न्यायालयाने 2008 मध्ये मुभा दिली. सौम्य असहमतीला जागा आणि विशिष्ट मुलांना लक्ष्य करणाऱ्या मजकुराला मनाई, अशी रेषा आखणाऱ्या शाळा सहसा खटल्यांपासून वाचतात.

विरोध आणि बदल

2005 पासून पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनांनी ‘डे ऑफ ट्रुथ’ हा प्रतिदिवस चालवला. 2011 मध्ये त्याचे नाव ‘डे ऑफ डायलॉग’ झाले. काही गटांनी पालकांना त्या दिवशी मुले घरीच ठेवा असे आवाहन केले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सरासरी हजेरीवर अनुदान ठरते, त्यामुळे गैरहजेरीचा फटका थेट शाळेला बसतो आणि काही मुख्याध्यापकांची कुरकुर त्यातूनच येते.

आतली टीका अधिक नेमकी होती. ज्यांना आधीच गप्प बसवले जाते त्यांनाच आणखी गप्प राहायला का सांगायचे, आणि एका दिवसाच्या मौनाबद्दल स्वतः एलजीबीटी नसलेल्या, पाठिंबा देणाऱ्या मुलांचे कौतुक का, असा तिचा रोख होता. दरम्यान अनेक राज्यांत वर्गात लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख या विषयांवर शिकवण्यालाच बंधने आली. फ्लोरिडाचा 2022 चा कायदा त्यांतला सर्वांत गाजलेला. त्याविरुद्धच्या खटल्यात मार्च 2024 मध्ये झालेल्या तडजोडीत, या कायद्याने जीएसए क्लबवर किंवा विद्यार्थ्यांच्या आपसांतल्या बोलण्यावर बंदी येत नाही, हे स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ग्लिसनने दिवसाचे नाव बदलून त्यात ‘नो’ हा शब्द घातला आणि शाळामंडळासमोर बोलणे, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिणे यांवर भर दिला. काही क्लब अजूनही सकाळी मौन पाळतात आणि संध्याकाळी शाळामंडळाच्या बैठकीत बोलायला जातात. तिथे बोलण्यासाठी अनेक जिल्ह्यांत आधी नाव नोंदवावे लागते आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटेच मिळतात, त्यामुळे मजकूर आधीच लिहून, घड्याळ लावून वाचून पाहतात.