कात्री कापते ती एका बिंदूत

कात्रीच्या दोन धारा एकमेकींना घासून जातात आणि मध्ये सापडलेला धागा दोन उलट दिशांच्या जोराने तुटतो. मात्र धारा सगळ्या लांबीभर एकाच वेळी टेकत नाहीत. चांगली कात्री मिटून कडेने उजेडासमोर धरा. पाती स्क्रूपाशी आणि टोकाला भिडलेली, पण मध्ये बारीक फट दिसेल. हा बाक पात्यांना मुद्दाम दिलेला असतो. त्यामुळे कात्री मिटताना धारा एकाच बिंदूत टेकतात, तो बिंदू स्क्रूकडून टोकाकडे सरकतो आणि हाताचा जोर तिथेच एकवटतो. फट दोष समजून पाती ठोकून सरळ केली, तर कात्री वाया जाते.

विकत घेताना पातळ, मऊ कापडाचा एकच थर टोकापर्यंत कापून पाहावा. जाड कापड बऱ्यापैकी बोथट कात्रीनेही कापले जाते. कापड दुमडून पात्यांमध्ये शिरले तर स्क्रू सैल आहे किंवा धार गेली आहे. सगळीकडे नीट कापून टोकाशी अडले, तर टोके जुळत नाहीत. हातातून पडलेल्या कात्रीचेही बहुधा असेच होते.

नेहमीच्या शिवणकामाला मुठीसकट 8 इंचांची कात्री पुरते, जाड कापडाला किंवा अनेक थरांना 10 इंचांची. मूठ वर वळलेली हवी. मग खालचे पाते टेबलावर सपाट सरकते आणि कापड फारसे उचलले जात नाही. सरळ मुठीच्या कात्रीने कापड उचलले जाऊन थर सरकतात, आणि एकत्र कापलेले दोन भाग शिवताना लहानमोठे निघतात. सुळसुळीत कापडासाठी एका पात्यावर अतिसूक्ष्म दाते असलेली कात्री मिळते. दाते कापड धरून ठेवतात, पण साध्या पद्धतीने धार लावली की ते घासून जातात.

डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री घेणे ही चैन नव्हे. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा आणि बोटे नकळत पाती एकमेकांवर दाबतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती फाकवतो, शिवाय वरचे पाते खडूची रेघ झाकते. केवळ मुठीचा आकार बदलून हे सुटत नाही. पातीच आरशातल्यासारखी उलट बसवलेली हवीत.

पाती रिव्हेटऐवजी स्क्रूने जोडलेली असावीत, म्हणजे ताण बदलता येतो. एक मूठ धरून कात्री पूर्ण उघडा आणि दुसरी मूठ सोडा. पाते हळूहळू खाली येऊन वाटेत थांबावे. धाडकन मिटले तर स्क्रू सैल, हललेच नाही तर घट्ट. स्क्रू एका वेळी आठवा हिस्सा फेऱ्याहून जास्त फिरवू नये. बोथट म्हणून बाजूला पडलेली कात्री कित्येकदा एवढ्यावर पुन्हा चालू लागते.

कागदाने धार जाते, यात तथ्य आहे. बऱ्याच कागदांत कॅल्शियम कार्बोनेट किंवा चिनी मातीसारखी खनिजे भरलेली असतात आणि त्यांचे कण धार झिजवतात. टाचणीवर पाते गेले तर धारेत खाच पडते आणि दर वेळी त्याच ठिकाणी धागा अडकतो. म्हणून कापायच्या रेषेवर टाचण्या नकोत. पाती पूर्ण न मिटता लांब लांब कापत गेले की कडही दातेरी होत नाही.

काम संपल्यावर पात्यांवरची कापडाची धूळ कोरड्या फडक्याने पुसावी, स्क्रूभोवतीची आधी, कारण ती साचली की पात्यांचा ताण बिघडतो. चिकट अस्तराचा गोंद लागला असेल तर फडक्यावर थोडे स्पिरिट घ्यावे. अधूनमधून स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून कात्री उघडझाप करावी आणि जादा तेल टिपावे, नाहीतर डाग कापडावर उतरतात. कार्बन स्टीलला चांगली धार येते, पण ते लवकर गंजते. दमट हवेत त्यावर तेलाचा पुसट हात हवाच. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते आणि त्याचा पातळ ऑक्साइड थर गंज रोखतो.

धार लावताना फक्त बाहेरची उतरती कड घासली जावी, तीही मूळच्याच कोनात. आतली बाजू किंचित खोलगट असते. ती घासून सपाट केली की धारा नीट टेकत नाहीत. म्हणून सुरीला धार लावायच्या साधनातून कापडाची कात्री ओढू नये. अॅल्युमिनियम फॉइल कापल्याने धारेवरची बारीक कुसळे फार तर सरळ होतात, झिजलेली धार परत येत नाही. धार लावायला देण्याआधी स्क्रू तपासा. धार लावताना पोलाद घासून जाते, आणि दर वेळी पाते थोडे अरुंद होते.