जिनिव्हाहून आलेला दाखला म्हणजे परदेशातली नोंदणी नव्हे

जिनिव्हाहून दाखला येतो. त्यावर आंतरराष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक, आपलं चिन्ह आणि खाली निवडलेल्या देशांची यादी. तो हातात पडला की भल्याभल्यांना वाटतं, झालं, या सगळ्या देशांत आपला ट्रेडमार्क नोंदला गेला. मग वेष्टनांवर गोलातला 'आर', म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापला जातो. नोंदणी नसताना ते चिन्ह वापरणं अनेक देशांत गुन्हा आहे, म्हणून हा गैरसमज मला फार घातक वाटतो.

ट्रेडमार्कचा हक्क देशागणिक मिळतो. साऱ्या जगात चालेल असा एकच ट्रेडमार्क नाहीच. परदेशात तो मिळवायचे मुख्य मार्ग दोन: त्या देशाच्या कार्यालयात थेट अर्ज करणं, किंवा माद्रिद प्रोटोकॉलमधून जाणं. हा प्रोटोकॉल 1989 चा. तो वायपो ही बौद्धिक संपदेची जिनिव्हातली जागतिक संस्था सांभाळते आणि शंभराहून जास्त देश त्यात आहेत.

माद्रिदमध्ये अर्ज एक, भाषा एक, शुल्क बहुधा स्विस फ्रँकमध्ये एकदाच. पण वायपो फक्त कागदपत्रं नियमात आहेत का ते बघते. नाव तिथे चालेल का, आधीच्या कुणाच्या नावाशी भिडतं का, हे प्रत्येक देशाचा परीक्षक आपल्या कायद्यानं ठरवतो. त्यासाठी त्याला 12 किंवा 18 महिने मिळतात, आणि तिसऱ्या कुणी हरकत घेतली तर कधी त्याहूनही जास्त. नकार आला की बहुधा तिथलाच वकील नेमावा लागतो, म्हणजे वाचलेला खर्च तिथे परत उभा राहतो.

थेट अर्जात हा खर्च बहुधा सुरुवातीलाच येतो. वकील, भाषांतर, शुल्क, सगळं देशागणिक वेगळं. त्या बदल्यात मिळणारी नोंदणी स्वतःच्या पायावर उभी असते, आणि खरा फरक इथेच आहे.

माद्रिदची नोंदणी मायदेशातल्या मूळ अर्जावर किंवा नोंदणीवर टेकलेली असते. पहिली पाच वर्षं ते मूळ ढासळलं, अर्ज नाकारला गेला किंवा कुणी नोंदणी रद्द करून घेतली, तर तेवढ्यापुरतं संरक्षण सगळ्या देशांत एकदम जातं. वाद पाच वर्षांच्या आत सुरू झाला आणि निकाल नंतर लागला, तरी तेच. प्रतिस्पर्ध्याला दहा देशांत लढायची गरजच उरत नाही, एका ठिकाणी घाव घातला की पुरे. संरक्षण गेल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून अर्जाची जुनी तारीख वाचवता येते, पण शुल्क पुन्हा भरावं लागतं. थेट केलेल्या नोंदणीला मायदेशात काय घडतं याच्याशी घेणंदेणं नसतं.

दुसरी अडचण मालाच्या यादीची. नोंदणीसाठी मालाचे ठरलेले वर्ग असतात. समजा, मूळ नोंदणी फक्त पादत्राणांची, म्हणजे वर्ग 25 ची आहे आणि परदेशात चामड्याच्या पिशव्याही विकायच्या आहेत. पिशव्या वर्ग 18 मध्ये येतात, मुळात नसल्यामुळे माद्रिदमध्ये त्या घालता येत नाहीत. चिन्हही हुबेहूब मुळासारखंच हवं. चीनमध्ये ग्राहक चिनी लिपीतल्या नावानं वस्तू ओळखतात आणि तिथे आधी अर्ज करणाऱ्याचं पारडं जड असतं. मूळ नोंदणी रोमन लिपीत असेल तर चिनी नावासाठी थेट अर्जच करावा लागतो. तैवान माद्रिदमध्ये नाही, तिथेही तसंच.

मला विचाराल तर मूळ नोंदणी जुनी, वापरातली आणि वादातीत असेल आणि देश पाच-सहा असतील, तर माद्रिद घ्यावं. दर दहा वर्षांचं नूतनीकरण आणि मालकाच्या पत्त्यातला बदल एकाच ठिकाणी होतो, हे सुख थोडं नाही. देश एक-दोनच असतील किंवा मूळ अर्ज अजून परीक्षकाच्या टेबलावर असेल, तर थेट जावं. ज्या बाजारावर सगळा धंदा अवलंबून आहे तिथे थेट आणि बाकीकडे माद्रिद, असंही करता येतं.

एक तारीख मात्र दोन्ही मार्गांना सारखीच लागू आहे. मायदेशातल्या पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांत परदेशी अर्ज केला, तर औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस कराराप्रमाणे तिथेही पहिलीच तारीख धरली जाते. आणि माद्रिदचा दाखला आला असेल, तर 'आर' छापण्याआधी वायपोच्या माद्रिद मॉनिटर या ऑनलाइन नोंदवहीत आपला क्रमांक टाकून एकेका देशाची नोंद बघा. संरक्षण दिल्याची नोंद नसेल, तर नकाराची मुदत कधी संपते ते तपासा.