दहिवर पडत नाही

त्या आठवड्यात शेतपंपाची लाईट रात्री बारा ते सकाळी आठ अशी होती. म्हणून येळवशीच्या आदल्या रात्री मी आणि धाकटा भाऊ बॅटरी घेऊन गव्हात उभे होतो. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, मग आंबील, भज्जी आणि उंड्यांवर ताव मारायचा. पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. आदली रात्र दारं धरण्यात, म्हणजे पिकाला पाणी देण्यात गेली.

दारं धरणाऱ्याचं काम दोन मिनिटांचं आणि वाट बघणं अर्ध्या तासाचं. एक सारा, म्हणजे पिकातला लांबट वाफा, भरला की खोऱ्यानं दारं मोडायचं, पाणी पुढच्या साऱ्याला लावायचं आणि तो भरेपर्यंत काकडत उभं राहायचं. मोबाइल बघावा तर हात चिखलाचे. मग इकडंतिकडं बघत राहतो माणूस.

पहिली गोष्ट संध्याकाळीच दिसली होती. कोपीपुढं शेकोटी पेटवली तेव्हा धूर सरळ वर गेला, बांधावरच्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत, आणि तिथं छताला अडावा तसा आडवा पसरला. वाऱ्याची झुळूक नव्हती, वर छतही नव्हतं. धुराला अडवलं होतं ते गरम हवेनं.

दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि जसं वर जावं तशी ती गार होत जाते. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री हे उलटं होतं. काळी जमीन दिवसभर घेतलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानं आकाशात सोडू लागते. आभाळ असतं तर ढगांनी त्यातली बरीच परत खाली धाडली असती. ढग हे रानाची वाकळ असतात, म्हणूनच डिसेंबरात आभाळ आलं की थंडी मोडते, आणि शेतकऱ्याला घाटेअळीची काळजी लागते. मोसमी पाऊस ऑक्टोबरात निघून गेला की मराठवाड्याची हवा कोरडी पडते. ढग नाहीत, बाष्प थोडं, म्हणजे वाकळच काढून घेतली. जमीन भराभर गार होते, तिला चिकटून असलेली हवाही गार होते, आणि थंड जड हवेचा थर खाली, त्यावर उबदार हवेचा थर, अशी रचना तयार होते. शेकोटीचा धूर वर चढताना निवत जातो आणि त्या उबदार थरापाशी पोचेतो भोवतालच्या हवेपेक्षा हलका उरत नाही. मग तो तिथंच पसरतो.

थंडी उत्तरेकडून येते हे आपण रोज बातम्यांत ऐकतो, आणि ते खरंच आहे. पण रात्री दोन वाजता पोटऱ्यांना जे झोंबत असतं, त्यातला मोठा वाटा हिमालयाचा नसतो. तो आपल्याच डोक्यावरच्या उघड्या आकाशाचा असतो.

याच उलट्या थरामुळं दीडच्या सुमाराला लातूर रोड स्टेशनातल्या रेल्वेचा भोंगा ऐकू आला. स्टेशन आमच्या रानापासून आठ-नऊ किलोमीटर. दिवसा तो भोंगा मी कधीही ऐकलेला नाही. आवाज गरम हवेत थोडा जास्त वेगानं जातो: 0 अंशाला सेकंदाला सुमारे 331 मीटर, आणि पुढं दर अंशामागं साधारण 0.6 मीटरची भर. वरची हवा गरम असली की ध्वनिलहरीचा वरचा भाग पुढं सरतो आणि सगळी लहर खाली वळते. दिवसा आभाळात निघून जाणारा आवाज रात्री वाकून पुन्हा जमिनीवर येतो. रात्रीची शांतता हे अर्धंच कारण आहे.

आता थंडीची सर्वांत मजेशीर गोष्ट. जमीन जर सगळ्यात आधी गार होते, तर सगळ्यात थंड जागा जमिनीला अगदी चिकटून असायला हवी. पुस्तकंही तसंच सांगत. 1932 साली पुण्याच्या हवामान खात्यात काम करणारे एल. ए. रामदास यांनी वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजलं, तेव्हा त्यांना भलतंच दिसलं. उघड्या जमिनीवर, निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री, सर्वांत कमी तापमान जमिनीवर नव्हतं. ते जमिनीपासून वीत-दीड वीत वर होतं, आणि तेही जमिनीपेक्षा काही अंशांनी कमी. हे इतकं विपरीत होतं की अनेकांना ती मोजमापातली चूक वाटली. पुढं इतरांनीही तेच मोजलं, पण नीट उलगडा व्हायला कितीतरी दशकं गेली. 1990 च्या दशकात बंगळुरूला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं, आणि नंतरच्या प्रयोगांत हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीचा हात पुढं आला: हे कण स्वतः उष्णता बाहेर टाकतात आणि भोवतालची हवा जमिनीहूनही गार करतात. आज जगभर या थराला रामदास यांच्याच नावानं ओळखतात.

मी बांधापलीकडच्या मोकळ्या पट्टीत वाकून हात खालीवर करून पाहिला. काही कळलं नाही. चिखलात भिजलेला हात हा थर्मामीटर म्हणून बिनकामाचा. भावानं विचारलं, "काय हरवलं का दादा?"

चारच्या आसपास शेजारच्या हरभऱ्यावर बॅटरी मारली तर सगळं रान चमकलं. दहिवर. आपण म्हणतो दहिवर पडलं, दव पडलं, पण ते पडत नाही. पाऊस वरून येतो, दहिवर जागच्या जागी तयार होतं. पान पातळ असतं, त्यात उष्णता साठवायला जागा नसते आणि जमिनीची ऊबही त्याला फारशी पोचत नाही. आकाशापुढं उघडं पडलेलं पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, आणि हवेतलं बाष्प त्यावर थेंब होऊन बसतं. उन्हाळ्यात माठातल्या थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तोच प्रकार.

विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं हे 1814 मध्ये सिद्ध केलं, आणि तेही लोकरीच्या झुपक्यांनी. सारख्या वजनाचे झुपके त्यानं रात्री बाहेर ठेवले. काही एका फळीवर, काही त्याच फळीखाली, आणि सकाळी सगळे तोलले. वरचे ओले होऊन जड झालेले, खालचे त्या मानानं बरेच कमी भिजलेले. दव जमिनीतून वाफ होऊन वर येत असतं तर खालचे जास्त भिजायला हवे होते. वरून पडत असतं तर निरभ्र रात्रीच ते का यावं? वेल्सचं उत्तर एकच होतं, की वरच्या लोकरीला आकाश दिसत होतं आणि खालचीला दिसत नव्हतं.

हाच प्रयोग आमचा आजा आयुष्यभर करत आला होता. राखणीला जाताना त्याची बाज कायम लिंबाखाली. बाहेर झोपणाऱ्याची वाकळ सकाळी पिळून काढावी लागे आणि त्याची कोरडी. लिंबाची पानं त्याच्या आणि आकाशाच्या मधे होती, एवढंच. त्याला वेल्स ठाऊक नव्हता आणि वेल्सला लिंब.

अमावास्या असल्यानं आकाश गच्च भरलेलं होतं. मृग पश्चिमेला कलला होता, जवळच व्याध लखलखत होता. इथं एक गोष्ट मला दरवर्षी नव्यानं नवल वाटते. मृग म्हटलं की शेतकऱ्याला आठवतो जून: 7-8 तारखेला सूर्य मृगात जातो आणि पेरणीची धांदल सुरू होते. पण तेव्हा तो मृग आपल्याला दिसत नाही, कारण सूर्यच त्याच्यापुढं उभा असतो. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला येते, आणि ज्याच्या नावानं पेरलं तो मृग डिसेंबरात रात्रभर डोक्यावरून जातो, पीक काढणीला येताना. त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण ओळखायला सोपा. व्याधाचा प्रकाश 8.6 वर्षांपूर्वी निघालेला. मृगाच्या पायाशी निळसर दिसणारा राजन्य मात्र सुमारे साडेआठशे प्रकाशवर्षं दूर. म्हणजे यादवांनी देवगिरीला राजधानी केली त्या सुमाराला निघालेला उजेड आमच्या गव्हातल्या पाण्यात चमकत होता.

उजाडता उजाडता आज्जी हरभऱ्यात आली, हातात जुन्या धोतराचा धुतलेला पांढरा तुकडा. हा तिचा दरवर्षीचा नेम. दहिवरानं भिजलेल्या हरभऱ्यावर फडकं अलगद फिरवायचं, भिजलं की वाटीत पिळायचं, पुन्हा फिरवायचं. तासाभरात वाटीभर आंबट पाणी जमतं. तीच हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर, अजीर्णावर ती थेंब-थेंब देते. (मी औषध म्हणून शिफारस करत नाही. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि मुतखडा असलेल्यानं त्याच्या वाट्याला न गेलेलं बरं.)

हरभऱ्याचं पान भिंगातून पाहिलं तर त्यावर असंख्य बारीक केस दिसतात आणि अनेकांच्या टोकाला इवलासा गोळा. त्या ग्रंथी आम्ल पाझरतात, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. मॅलिक आम्ल तेच, ज्यानं कच्चं सफरचंद आंबट लागतं. घाटेअळीच्या पिल्लाची वाढ ऑक्झॅलिक आम्लानं खुंटते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ज्या वाणाची पानं ते जास्त पाझरतात, त्याला अळी कमी त्रास देते. म्हणजे आज्जी वाटीत जे पिळत होती, ते हरभऱ्याचं कीटकनाशक. रात्री आकाशानं पान गार केलं, पानानं हवेतून पाणी ओढलं, पाण्यानं आम्ल विरघळवलं, आणि फडक्यानं ते टिपलं. पाऊस आला असता तर सगळं धुऊन मातीत गेलं असतं, आणि दहिवर नसतं तर पानावरच सुकून राहिलं असतं. आंब मिळते ती फक्त कोरड्या, निरभ्र हिवाळ्यात. हरभऱ्यातून सकाळी फिरणाऱ्याच्या पायातली पायताणं लवकर का चिरतात आणि धोतराचा काठ आधी का विरतो, हेही त्यातच आलं.

शेजारच्या ज्वारीला मात्र आम्ही पाणी दिलं नव्हतं. तिला लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर पोसते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्या खडकाची झीज होऊन ही माती बनली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात. पावसाळ्यात पाणी पानांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. हिवाळ्यात ते निघून जातं आणि ती आक्रसून भेगाळते. याच भेगांतून ओल उडून जाते, म्हणून कोळपणी करून त्या बुजवायच्या. ज्वारीनं आपल्याकडूनही बंदोबस्त केलेला असतो. धांड्यावर बोट ओढा, पांढरी भुकटी हाताला लागेल. ते मेण आहे, पाणी आत कोंडून ठेवणारं.

कणसं दुधाळ भरात होती. या दिवसांत दाण्यात साखर असते, आणि रोज थोडी-थोडी तिची पिठूळ स्टार्च बनत जाते. हुरडा गोड लागण्याचे दिवस म्हणूनच मोजके. पण ही गोष्ट आपल्याइतकीच भोरड्यांना माहीत असते.

सूर्य वर आला आणि त्या आल्या. आधी दूरवर एक काळा ठिपका, मग ढग, मग रानावरून वळणारी, फाटणारी, पुन्हा शिवली जाणारी चादर. भोरडी, म्हणजे पळसमैना: गुलाबी अंग, काळं डोकं नि पंख. मध्य आशियात, पूर्व युरोपात घरटी करून, तिथले टोळ खाऊन पिल्लं वाढवायची आणि हिवाळा आपल्या ज्वारीवर काढायचा. हजारो पक्षी एकदम वळतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत, कोणी पुढारीही नसतो. रोमच्या आभाळात तिच्या चुलत बहिणी, साध्या युरोपीय मैना, हिवाळ्यात असेच थवे करतात. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी एकाच क्षणी अनेक कॅमेऱ्यांनी फोटो काढून प्रत्येक पक्ष्याची जागा तिन्ही मितींत मोजली आणि 2008 मध्ये निष्कर्ष मांडला: प्रत्येक पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांवर लक्ष ठेवत नाही, तो फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडं बघतो, ते जवळ असोत की लांब पांगलेले. म्हणून थवा दाट झाला काय किंवा विरळ झाला काय, तुटत नाही. त्या चमूत जॉर्जो पारिसी होते, ज्यांना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते पारितोषिक मैनांसाठी नव्हतं. विस्कळीत दिसणाऱ्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांवरच्या कामासाठी होतं, पण थवा त्याच जातीचं कोडं.

मी बांधावर उभा राहून थव्यातला एकच पक्षी धरायचा आणि त्याचे सहा-सात शेजारी शोधायचे असं ठरवलं. दोनदा डोळा चुकला. तिसऱ्यांदा एक सापडला, त्याच्या डावीकडचे तीन दिसले, तोवर सगळी चादर ज्वारीवर उतरली.

माळ्यावर चढत भावानं गोफणीत ढेकूळ घातलं आणि माझ्याकडं बघून ओरडला, "दादा, तू मोजत बस! तवर कणसं रिकामी होतेत!"