दोन ‘ग्रँड’: ब्रायटनचे आणि स्कारबरोचे

इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरचे ग्रँड हॉटेल म्हटले की कुणाला १९८४ चा बॉम्बस्फोट आठवतो, तर कुणाला चार मनोरे आणि बावन्न धुराडी. हे दोन्ही एकाच इमारतीच्या खात्यावर जमा झालेले मी अनेकदा ऐकले आहे. प्रत्यक्षात बॉम्ब फुटला तो दक्षिणेकडच्या ब्रायटनच्या ग्रँडमध्ये. बावन्न धुराडी होती ती यॉर्कशरमधल्या स्कारबरोच्या ग्रँडवर. पहिले इंग्लिश खाडीसमोर आहे, दुसरे उत्तर समुद्रासमोर. त्यांच्यामध्ये जवळजवळ सगळे इंग्लंड पसरलेले आहे.

घोटाळा होण्याला कारणही तसेच आहे. नाव एक, आणि वयही जवळपास एकच. ब्रायटनचे ग्रँड १८६४ चे, स्कारबरोचे १८६७ चे. पॅरिसमध्ये १८६२ साली ‘ग्रँड हॉटेल’ सुरू झाले होते आणि ते नाव तेव्हा फार चलतीत होते. त्याआधी समुद्रावर हवापालटाला जाणारा माणूस सरायवजा हॉटेलात उतरे, नाहीतर एखाद्या घरात भाड्याच्या खोल्या घेई. रेल्वे ब्रायटनला १८४१ मध्ये आणि स्कारबरोला १८४५ मध्ये पोचली आणि माणसांची रीघ लागली. १८५५ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याने घातलेल्या भांडवलापुरती मर्यादित केली, त्यामुळे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची हॉटेले शेअर विकून बांधता येऊ लागली. या ग्रँडच्याच दशकात, म्हणजे १८६० च्या दशकात, आपल्याकडे मुंबईत, काळा घोड्याजवळ, वॉटसनचे हॉटेल उभे राहत होते. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन बोटीने आला होता.

इथपर्यंत दोघांची कहाणी जुळते. फरक सुरू होतो तो पायाखालच्या जमिनीपासून.

ब्रायटनचा किनारा सपाट आणि लांबलचक आहे. ग्रँड जिथे आहे तिथे पूर्वी समुद्राकडे तोंड करून तोफा ठेवलेल्या असत. जॉन व्हिचकॉर्ड या वास्तुविशारदाने त्या जागी रस्त्याला समांतर अशी एक उंच, पांढरीशुभ्र, इटालियन धाटणीची भिंतच उभी केली. गिलावा गुळगुळीत, पुढे लोखंडी कठड्यांचे सज्जे आणि शक्य तितक्या खोल्यांचे तोंड पाण्याकडे. पण इतक्या मजल्यांचे जिने चढणार कोण? त्यासाठी इथे पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट बसवली. तिला म्हणत ‘वर जाणारी ऑम्निबस’, म्हणजे प्रवासी नेणारी घोडागाडी. प्रवासी वाहून नेणाऱ्या अशा लिफ्ट तेव्हा लंडनबाहेर अगदी दुर्मिळ होत्या. ब्रायटनच्या ग्रँडची खरी करामत मला दर्शनी भागापेक्षा या लिफ्टमध्ये दिसते. जिन्यांच्या काळात वरची खोली म्हणजे स्वस्तातली, नोकरचाकरांची. लिफ्ट आली आणि वरून दिसणाऱ्या समुद्रालाही मोल आले.

स्कारबरोला सपाटी नाहीच. तिथे गाव कड्यावर आहे आणि समुद्र खाली. सतराव्या शतकात इथे औषधी पाण्याचा झरा सापडला आणि लोक ते पाणी प्यायला येऊ लागले. ब्रायटनला समुद्रस्नानाचे वेड लागले ते अठराव्या शतकात, डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचे पाणी औषध म्हणून सांगितल्यावर. म्हणजे या बाबतीत थोरले स्कारबरोच.

त्या कड्याच्या टोकावर ग्रँड बांधायचे काम कथबर्ट ब्रॉड्रिक यांच्याकडे आले. ते मूळचे हल या शहराचे. लीड्सचा भव्य टाऊन हॉल त्यांचाच. त्यांना मिळालेली जागा निमुळती होती, म्हणून इमारत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी झाली. पुढे लोक म्हणू लागले की हा ‘व्ही’ राणी व्हिक्टोरियाचा. मला विचाराल तर जमिनीने आकार ठरवला आणि राणीचे नाव त्यात आपसूक सापडले. गंमत इथेच संपत नाही. चार मनोरे म्हणजे चार ऋतू, बारा मजले म्हणजे बारा महिने, बावन्न धुराडी म्हणजे आठवडे आणि ३६५ खोल्या म्हणजे वर्षाचे दिवस, असे हे हॉटेल एक अख्खे कॅलेंडर आहे असे सांगतात. मजल्यांचा हिशोब मात्र तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून असतो. गावाच्या बाजूने आलात तर बरेच मजले दिसतच नाहीत, ते कड्याच्या अंगाने खाली उतरलेले आहेत. वाळूवरून वर पाहाल तेव्हा मान दुखेपर्यंत इमारत संपत नाही. साठ लाखांवर विटा लागल्या असे म्हणतात. पिवळसर विटा, त्यात तांबूस टेराकोटाचे नक्षीकाम आणि माथ्यावर फ्रेंच वळणाचे घुमट. उघडले तेव्हा ते युरोपातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलांत गणले जाई. स्नानगृहांतल्या टबांना चार नळ होते. दोन गोड्या पाण्याचे आणि दोन समुद्राच्या पाण्याचे, प्रत्येकी एक गरम, एक गार. समुद्रस्नानासाठी समुद्रावर जायचीही गरज उरली नव्हती!

याच जागेवर आधी भाड्याने खोल्या देणारी घरे होती. त्यांतल्या एका घरात मे १८४९ मध्ये लेखिका ॲन ब्राँटे यांचा क्षयाने मृत्यू झाला. समुद्राच्या हवेने बरे वाटेल या आशेने त्या आल्या होत्या, आणि तीन-चार दिवसांतच गेल्या. वय अवघे २९. हॉटेलच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे. हवापालटाला येणारे सगळेच मौजेसाठी येत नसत, हे त्या पाटीपाशी लक्षात येते.

दोन्ही ग्रँडवर स्फोटकांचे घाव आहेत, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. स्कारबरोचा घाव १६ डिसेंबर १९१४ चा. सकाळच्या वेळी जर्मन युद्धनौकांनी गावावर तोफा डागल्या. कड्याच्या टोकावरचे एवढे मोठे हॉटेल त्यातून सुटणे कठीणच होते. उपाहारगृहाची आणि समुद्राकडच्या खोल्यांची नासधूस झाली. गावात बायका-मुलांसह अनेक माणसे मारली गेली.

ब्रायटनचा घाव १२ ऑक्टोबर १९८४ चा, पहाटे तीनच्या सुमाराचा. हुजूर पक्षाचे अधिवेशन चालू होते आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर हॉटेलातच उतरल्या होत्या. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेच्या पॅट्रिक मॅगीने काही आठवडे आधी खोटे नाव सांगून ६२९ क्रमांकाची खोली घेतली होती आणि तिथे लांब मुदतीचा टायमर लावलेला बॉम्ब दडवला होता. स्फोटाने एक अवजड धुराडे कोसळले आणि मजल्यामागून मजला फोडत खाली गेले. पाच जण मरण पावले, तिसांहून अधिक जखमी झाले. थॅचर वाचल्या आणि त्याच सकाळी ठरल्या वेळी अधिवेशन सुरू झाले. पांढऱ्या इमारतीचा मधला भाग वरून खालपर्यंत उघडा पडला होता, पण बाकीची इमारत उभी राहिली. दुरुस्ती होऊन १९८६ मध्ये हॉटेल पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर दोघांच्या वाटा अगदीच वेगळ्या झाल्या, आणि त्याला मी मुख्यतः रेल्वेचे वेळापत्रक जबाबदार धरतो. लंडनहून ब्रायटन तासाभरावर. सुटीचे पाहुणे रोडावले तरी परिषदा, पक्षांची अधिवेशने, शनिवार-रविवारचे लंडनकर येत राहिले, आणि ग्रँडचा थाट टिकला. स्कारबरोची मदार यॉर्कशरच्या गिरणीवाल्या शहरांवर होती. त्या गिरण्या बसल्या, उरलेले लोक स्वस्त विमानांनी स्पेनच्या उन्हात जाऊ लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे हॉटेल कामगारवर्गाच्या सुट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बटलिन्स या कंपनीकडे गेले. ज्या जिन्यावरून एकेकाळी फक्त श्रीमंत उतरत, तिथून आता बसच्या सहलीतली पेन्शनर मंडळी उतरतात. याला अधोगती म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. इमारतीची डागडुजी नीट झाली पाहिजे, हे मात्र मनापासून वाटते, कारण असे दुसरे कॅलेंडर कुणी बांधणार नाही.

जुन्या फोटोत ओळखायचे तर रंग शोधत बसू नका, कृष्णधवल फोटोत तो कळत नाही. इमारतीखाली रस्ता आणि लगेच समुद्र दिसला तर ते ब्रायटन. खाली कडा आणि वर घुमट दिसले तर स्कारबरो. आणि फोटो अलीकडचा, उन्हाळ्यातला असेल तर विटांच्या कंगोऱ्यांवर बसलेले पांढरे ठिपके बघा. ते किटीवेक नावाचे समुद्रपक्षी. एरवी ते खोल समुद्रावर हिंडतात आणि घरटी करतात ती उभ्या कड्यांवर. स्कारबरोचे ग्रँडही त्यांनी कडाच धरले आहे.