पार्श्वभूमी : दिवा, मडकं आणि श्रीलंकेतली यादवी

बहुसंख्य सिंहलींचं सरकार आणि अल्पसंख्य तमिळांमधले बंडखोर यांच्यातली श्रीलंकेतली यादवी कधी सुरू झाली असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: जुलै १९८३. उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्याजवळ बंडखोरांच्या हल्ल्यात लष्कराचे तेरा जवान मारले गेले आणि दुसऱ्या रात्रीपासून कोलंबोत तमिळांची घरंदारं पेटली. तारीख बरोबरच आहे. पण त्याआधी सात महिने, २२ डिसेंबर १९८२ रोजी, तिथे एक मतदान झालं होतं. निवडणुका आणि वांशिक यादवी यांचं नातं समजून घ्यायचं तर त्या मतदानापाशी थांबावं लागतं.

आधीचं थोडक्यात. या बेटावर प्रौढ मताधिकार १९३१ पासूनचा, म्हणजे आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वीस वर्षं आधीचा. १९४७ साली चहामळ्यांतल्या, मूळच्या भारतीय तमिळ मजुरांनी सात प्रतिनिधी निवडून आणले. पुढच्या दोन वर्षांत कायदे करून त्यांच्यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व आणि मत काढून घेतलं गेलं. माणसं मळ्यांतच राहिली, पानं खुडत राहिली. मतदारयादीतून तेवढी गेली.

१९५६ ची निवडणूक चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा करण्याच्या आश्वासनावर जिंकली गेली. जिंकलेल्या पंतप्रधानांनी सव्वा वर्षातच तमिळ नेत्याशी तमिळ भागांना काही अधिकार देणाऱ्या प्रादेशिक परिषदांचा करार केला, तेव्हा विरोधकांनी कँडीवर मोर्चा काढला. १९५८ च्या एप्रिलमध्ये बौद्ध भिक्खू बंगल्यासमोर ठाण मांडून बसले आणि पंतप्रधानांनी करार फाडला. मे महिन्यात दंगल उसळली. १९६५ मध्ये कालच्या विरोधकांनी सत्तेसाठी त्याच तमिळ नेत्याशी करार केला आणि आता दुसऱ्या बाजूने विश्वासघाताची ओरड केली. विरोधात असताना सिंहली मतांसाठी चढी बोली लावायची आणि सत्तेत आलं की तडजोड करायला बघायचं, असं दोनदा झालं. दोन्ही करार बुडाले.

१९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या पक्षाला मतं निम्मीच मिळाली, जागा मात्र १६८ पैकी १४०. वेगळ्या राज्यासाठी कौल मागणाऱ्या तमिळ आघाडीला १८ जागा आणि विरोधी पक्षनेतेपद मिळालं. हा वेगळ्या राज्याचाच जनादेश होता, असं नंतर सतत सांगितलं गेलं. उत्तरेपुरतं ते खरं मानता येईल, तिथल्या सगळ्या जागा आघाडीने जिंकल्या होत्या. पूर्वेत तिला चारच मिळाल्या.

त्या संसदेची मुदत १९८३ च्या ऑगस्टमध्ये संपणार होती. मधल्या काळात नवी राज्यघटना आली होती आणि पुढची निवडणूक मतांच्या प्रमाणात जागा देणारी होणार होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जवळपास ५३ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. त्यांच्या सर्वांत तगड्या प्रतिस्पर्धी, माजी पंतप्रधान, यांचे नागरी हक्क १९८० मध्येच काढून घेतलेले असल्याने त्या उभ्याच राहू शकल्या नव्हत्या. अशा सोयीच्या परिस्थितीत मिळालेली मतंसुद्धा नव्या पद्धतीत मोजली तर १९७७ चं पाच षष्ठांशाचं बहुमत टिकणार नव्हतं. म्हणून संसदेची निवडणूकच नको असं ठरलं. आहे हीच संसद आणखी सहा वर्षं चालू द्यायची का, एवढंच लोकांना विचारलं गेलं.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. ‘हो’साठी दिवा, ‘नाही’साठी मडकं. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलातली फूल आणि दोन पानं ज्यांना आठवतात त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. पण गोव्यात प्रश्न प्रदेशाच्या भवितव्याचा होता, इथे सत्तेत बसलेल्यांच्या खुर्च्यांचा. कारण काय दिलं? तर विरोधी पक्षात ‘नक्षलवादी’ गट शिरला आहे आणि तो सरकार उलथवण्याचा कट रचतो आहे. आणीबाणी लागू असतानाच मतदान झालं. दिव्याला सुमारे ५५ टक्के मतं पडली. जाफना जिल्ह्यात दहापैकी नऊ मतं मडक्याला गेली.

हा दोन सिंहली पक्षांमधला मामला होता, तमिळ प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. त्या एका निकालाने तमिळ खासदारांची मुदतही वाढली आणि तीही त्यांच्याच मतदारांनी नाकारलेल्या मार्गाने. बोलणी करू पाहणाऱ्या या वडीलधाऱ्यांना बंदूक हाती घेतलेले तरुण आता कुणाचे प्रतिनिधी म्हणून विचारणार, हे उघड होतं. मे १९८३ च्या स्थानिक निवडणुकांवर बंडखोरांनी बहिष्कार पुकारला आणि जाफन्यात मतदान केंद्रं ओस पडली. जुलै-ऑगस्टात तिथे खरं तर सार्वत्रिक निवडणुकीचा प्रचार चालू असायला हवा होता. उमेदवार मतदारयादी घेऊन दारोदार फिरले असते.

याद्या निघाल्या, पण दंगलखोरांच्या हातात. कोलंबोच्या वस्त्यांमध्ये त्यांवरची नावं वाचत जमाव घर क्रमांकाप्रमाणे पुढे सरकत होता. सिंहली कुटुंबाचं घर सोडायचं, शेजारचं तमिळ घर जाळायचं. मृतांचा सरकारी आकडा काहीशेचा आहे, तमिळांकडून तीन हजारांपर्यंतचा सांगितला जातो. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती होऊन फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची झाली. तमिळ आघाडीच्या खासदारांनी ती घेतली नाही, त्यांच्या जागा गेल्या. उत्तरेचं म्हणणं मांडायला संसदेत कुणी उरलं नाही.

पुढची सव्वीस वर्षं युद्धाची. त्यातही मताचं वजन वेळोवेळी दिसलं. २००५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बंडखोरांनी उत्तरेत बहिष्कार लादला, जाफना जिल्ह्यात जेमतेम एक टक्का मतदान झालं. देशभरातला फरक दोन लाखांहून कमी होता आणि निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांच्याच काळात २००९ मध्ये बंडखोरांचा नायनाट झाला. ज्या सामान्य माणसाला त्या दिवशी घरात बसवलं गेलं, त्याला शेवटच्या महिन्यांत ईशान्येकडच्या मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर तोफांच्या माऱ्यात उभं राहावं लागलं.

२०१३ मध्ये उत्तर प्रांतिक परिषदेची पहिली निवडणूक झाली, तमिळ आघाडीने ३८ पैकी ३० जागा घेतल्या. परिषदेची मुदत ऑक्टोबर २०१८ मध्ये संपली. मतदारसंघांच्या फेररचनेचं कारण पुढे झालं, निवडणूक लांबत गेली आणि प्रांताचा कारभार कोलंबोने नेमलेल्या राज्यपालाकडे गेला.