पायऱ्या ठेंगण्या होत जातात तेव्हा

स्टॉकहोमच्या दक्षिणेला एन्शेडे भागात एक टेकडी आहे. माथ्यावर चौकोनात लावलेले एल्म वृक्ष आणि तिथवर नेणाऱ्या पायऱ्या. या पायऱ्या एकसारख्या नाहीत, खालच्या उंच आहेत आणि वरच्या ठेंगण्या होत गेल्या आहेत. ज्याचं माणूस गेलंय त्याने धापा टाकत माथ्यावर पोहोचू नये, शांत होत पोहोचावं, एवढ्यासाठी ही युक्ती. एरवी जिन्यात असं करणं म्हणजे घोडचूक. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरून पाय पुढच्या पायऱ्यांचा अंदाज बांधतात आणि मध्येच फरक पडला की माणूस ठेचकाळतो. इथे फरक इतक्या सावकाश पडतो की पायांना पत्ता लागत नाही.

ही टेकडी ज्या दफनभूमीत आहे तिचं नाव स्कूग्सशिर्कोगोर्डेन. उच्चारताना जीभ अडखळते, अर्थ मात्र सोपा आहे: वनातली दफनभूमी. 1914-15 साली शहराने तिच्यासाठी स्पर्धा घेतली आणि ती जिंकली गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेव्हेरेंत्झ या दोन तरुण वास्तुरचनाकारांनी. दोघांचाही जन्म 1885चा. प्रवेशिकेवर त्यांनी टोपणनाव घातलं होतं ‘तालुम’. स्वीडिश भाषेत ‘ताल’ म्हणजे पाइन. वास्तुरचनेच्या स्पर्धेत झाडाच्या नावाने उतरणं ही गंमत खरी, पण पुढची पंचवीस वर्षं जे घडलं त्याचं मर्म त्यातच होतं.

जागा तशी फार देखणी नव्हती. पाइनचं रान आणि त्यात वाळू-खडी उपसून झालेले खड्डे. पण ही वाळू तिथे आली कशी, हे कळलं की रानही कळतं. हिमयुगाच्या अखेरीस इथल्या बर्फाच्या जाड थराखालून, बोगद्यांतून वितळलेलं पाणी वाहत होतं. त्या पाण्याने आणलेली वाळू-खडी साचत गेली आणि बर्फ गेल्यावर तिचा लांबलचक उंचवटा मागे राहिला. अशा जमिनीत पाणी ठरत नाही आणि कसही कमी. पाइनला हे चालतं. मोकळ्या वाळूत त्याची मुळं खोल जातात. स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची मुळं मात्र वरवर पसरतात आणि वादळात तो मुळांसकट उलथतो. थडग्यांच्या आजूबाजूला उभं राहायला या दोघांत पाइनच बरा, असं मला वाटतं.

पाइनचा आणखी एक गुण म्हणजे तो उजेडाचा भुकेला. सावलीत गेलेल्या खालच्या फांद्या वाळून गळतात, खोड उघडं राहतं आणि उंचावर शेंड्याची छत्री उरते. म्हणजे खांबांचं दालन आयतंच तयार. आस्प्लुंड-लेव्हेरेंत्झनी ते तसंच ठेवलं आणि थडगी त्या खांबांच्या मधोमध, ठेंगणी, साधी, झाडांच्या पायाशी.

टेकडीपासून निघणारी ‘सात विहिरींची वाट’ मात्र मला सगळ्यांत चतुर वाटते. लांबी 888 मीटर, अगदी सरळ, शेवटी चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह. चालत गेलं तर दहा-बारा मिनिटं लागतात. दुतर्फा झाडं बदलत जातात: आधी झुकत्या फांद्यांचे बर्च, मग साधे बर्च, पुढे पाइन आणि शेवटी स्प्रूस. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद. ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या तो भूर्ज हिमालयातला, हा उत्तर युरोपातला, कूळ एकच. या बर्चच्या सालीत बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं, त्याने ती पांढरी दिसते. पानं लहान, त्यामुळे खाली भरपूर उजेड झिरपतो. पाइनखाली तो कमी होतो. स्प्रूसला सावली सोसते, म्हणून तो खालच्या फांद्याही धरून ठेवतो आणि त्याच्याखाली गडद अंधारतं. डोळा आत्ताच्या उजेडाची तुलना क्षणभरापूर्वीच्या उजेडाशी करतो. त्यामुळे इतका सावकाश अंधारणारा रस्ता ‘अंधारला’ असा जाणवत नाही, चालणारा फक्त गप्प होत जातो. दिवा मंद करायला बटण असतं, या दोघांनी ते काम झाडांच्या जातींकडून करून घेतलं.

वाटेच्या टोकाला लेव्हेरेंत्झचं 1925 सालचं पुनरुत्थान चॅपेल. स्प्रूसच्या काळोखातून आत शिरलं की दक्षिणेकडच्या एकाच मोठ्या खिडकीतून उजेड येतो. बाहेर डोळे अंधाराला सरावले नसते, तर ती खिडकी नुसती खिडकीच वाटली असती.

आस्प्लुंडचं वनचॅपेल त्याआधीचं, 1920चं. झाडांत बुडालेलं, लाकडी फळ्यांच्या उतरत्या छपराचं. लांबून एखादं मोठं घर वाटावं असं. आत गेल्यावर डोक्यावर पांढरा घुमट आणि घुमटाच्या मध्यातून आकाशाचा उजेड. बाहेरून या घुमटाचा मागमूस लागत नाही. मोठ्या स्मशानगृहाचं काम 1940 साली पुरं झालं आणि त्याच वर्षी आस्प्लुंड वारला. त्याचं थडगंही इथेच आहे. लेव्हेरेंत्झला मात्र या शेवटच्या कामातून दूर ठेवण्यात आलं होतं. 1994 साली युनेस्कोने या वनाला जागतिक वारसा ठरवलं.

हे सगळं आपोआप टिकतं असं नाही. पाइनच्या सावलीत पाइनचंच रोपटं जगत नाही, स्प्रूसचं मात्र जगतं. हात न लावता सोडलं तर हळूहळू हे स्प्रूसचं रान होईल आणि खांबांचं दालन बुजेल. आपल्याकडे देवराई टिकली ती ‘काटकीही उचलू नका’ या दंडकावर. इथे उलट, माळ्याचा हात सतत फिरत राहिला तरच ‘जंगल’ जंगलासारखं दिसतं.

स्वीडनमध्ये दहनाचं प्रमाण फार मोठं, त्यामुळे इथेही एक ‘मिनेसलुंड’ आहे, म्हणजे स्मृतिराई. तिथे राख जमिनीत मिसळली जाते. नेमकी जागा नातेवाइकांना सांगितली जात नाही आणि त्या वेळी ते हजरही नसतात. मेणबत्ती आणि फुलं ठेवायला एक सामाईक जागा असते. तिथे वाकून लोक फुलं ठेवतात आणि मग कुठेतरी झाडांकडे बघत उभे राहतात.